कान्हेरीचे रान : रहिवासी आणि पाहुणे

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेस उतरून थोडे चालले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. वसईपासून वांद्र्यापर्यंतचे असे एकही धर्मग्राम नसेल, जेथील मुले धार्मिक शिक्षण वर्गाच्या सहलीला तेथे गेली नाहीत. डबे, पाण्याच्या बाटल्या, चेंडू, सिंहविहाराची बस आणि शेवटी कान्हेरीची चढण, हा कार्यक्रम ठरलेला. संध्याकाळी दमलेली मुले लोकलमध्ये पेंगू लागतात आणि मोठी माणसे म्हणतात, शहराच्या पोटात असे जंगल असणे हे आपले भाग्य!

ते भाग्य खरेच मोठे आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे रान तिन्ही बाजूंनी महानगराने वेढलेले आहे. परंतु आपल्या बोलण्यात एक गोष्ट बहुधा सुटते. आपण ज्याला सहलीची जागा म्हणतो, ते कित्येकांचे गाव आहे. नवापाडा, तुमणीपाडा, रावणपाडा ही नावे सहलीच्या बसमधून दिसत नाहीत; पण तेथे चुली पेटतात, मुले शाळेला निघतात, म्हातारी माणसे अंगणात बसून पावसाची वाट पाहतात. या रानात पूर्वी कोण राहिले, कोण पाहुणे म्हणून आले, आणि पाहुण्यांनी रहिवाशांशी कसा व्यवहार केला, याचा थोडा धांडोळा आम्ही येथे घेणार आहोत. त्यात आपल्या ख्रिस्ती पूर्वजांचाही भाग आहे, म्हणून तो आपल्यासाठी अधिकच अगत्याचा आहे.

भिक्षूंचा गाव

या डोंगराचे जुने नाव कृष्णगिरी. प्राकृतात कण्हगिरी, आणि त्यावरून कान्हेरी. काळ्या पाषाणाचा म्हणून काळा डोंगर. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास बौद्ध भिक्षूंनी येथे लेणी खोदण्यास प्रारंभ केला आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे येथे वस्ती नांदती राहिली. एकाच डोंगरावर शंभराहून अधिक लेणी असलेले असे ठिकाण भारतात विरळाच.

येथे येणारा प्रवासी तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह पाहतो, बुद्धाच्या उंच मूर्तीपाशी छायाचित्र काढतो आणि परततो. पण कान्हेरीचे खरे मर्म तेथील लहान लेण्यांत आहे. जवळजवळ प्रत्येक विहाराला ओटा आहे, निजण्याचा बाक आहे आणि दाराशी पाण्याचे टाके आहे. शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. पावसाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून खडकात चर कापून ते पोढीत उतरवले आहे, आणि घळीत बांध घालून ओढाही अडविला होता. पावसाळ्याचे चार महिने साठविलेल्या पाण्यावर उरलेले आठ महिने काढणारी ही वसाहत होती. ज्या शहराला पुढे याच डोंगराने पाणी पाजले, त्याच्या आधी दीड-पावणेदोन हजार वर्षे भिक्षूंनी हा धडा गिरविला होता.

ही वसाहत एकांतातली असली तरी एकाकी नव्हती. शूर्पारक म्हणजे आपले सोपारे, आणि कल्याण, या बंदरांतील व्यापाऱ्यांनी येथील लेण्यांसाठी द्रव्य दिले. काही लेखांत अक्षयनीवीचा उल्लेख आहे. मुद्दल कायम ठेवायचे आणि त्याच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे पुरवायची, अशी ती ठेव. एका लेखात ‘मंगलस्थान’ येथील शेताचे दान नोंदलेले आहे. अभ्यासक ते स्थान म्हणजे बोरिवलीचे मागाठाणे असे मानतात. आज मागाठाण्याच्या बसथांब्यावर उभे राहणाऱ्या माणसाला आपण एका भिक्षुसंघाच्या शेतावर उभे आहोत याची कल्पनाही नसते! नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचे शिलाहार मांडलिक यांच्या काळातही देणग्या येत होत्या आणि त्यांत ग्रंथांसाठीही पैसे राखून ठेवले जात होते. रानात राहणारी माणसे आणि बाहेरचा गाव यांचे नाते देण्याघेण्याचे होते. डोंगराला कुंपण नव्हते.

पहिले प्रवासी

भिक्षूंची वस्ती ओसरू लागली त्या सुमारास येथे पाहुणे येऊ लागले. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षांत येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आणि तारीख तेवढी कोरून ठेवली आहे. तीर्थयात्रा नाही, दान नाही. आम्ही येथे आलो होतो, एवढीच नोंद. कान्हेरीचे पहिले सहलकरी म्हणून त्यांचा उल्लेख करावयास हरकत नसावी. भिंतीवर नाव कोरण्याची आपल्या तरुणांची खोडही, म्हणजे, हजार वर्षांची आहे. मात्र आज ती पुरातत्त्व कायद्याने गुन्हा आहे.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला व साष्टी बेट त्यांच्या सत्तेखाली आले. पुढे गोव्याचा राज्यकर्ता झालेला जुआंव द कास्त्रू याने १५३८-३९ च्या सागरप्रवासाच्या वृत्तांतात या लेण्यांचे वर्णन केले. वनस्पतिशास्त्रज्ञ वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यांचा उल्लेख केला. १६७५ साली इंग्रज वैद्य जॉन फ्रायर आणि १६९५ साली इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी कान्हेरीस येऊन गेले. हे सारे पाहुणे. त्यांनी पाहिले, लिहिले आणि ते परत गेले.

आपले फ्रान्सिस्कन व्रतस्थ मात्र पाहून परतणारे नव्हते. आंतोनियो दो पोर्तो हे त्यांचे अग्रणी. इतिहासकार दियोगो दु कोतो याने जे नोंदविले आहे त्यानुसार त्या काळी कान्हेरीत योगी राहत होते. म्हणजे भिक्षू गेले तरी डोंगर रिकामा झाला नव्हता. व्रतस्थांनी योग्यांपैकी काहींना बाप्तिस्मा दिला आणि मोठे चैत्यगृह संत मायकलच्या नावाने चर्च म्हणून वापरात आणले. आंतोनियो दो पोर्तो यांची एक गोष्टही कोतो सांगतो. डोंगराखालच्या भुयारांना अंत नाही अशी वदंता होती. तिचा छडा लावण्यासाठी हे धर्मगुरू सोबत्याला घेऊन, दोर, दिवे आणि शिधा बांधून आत शिरले. सात दिवस चालले. अंत लागला नाही. शिधा संपत आला तेव्हा दोराच्या आधाराने परत फिरले. गोष्टीतला अतिशयोक्तीचा भाग सोडून दिला तरी एक गोष्ट खरी वाटते: हा डोंगर मोजता येत नाही, ही जाणीव त्या व्रतस्थांनाही झाली होती.

आजच्या उद्यानाच्या बाहेर, बोरिवलीच्या पश्चिमेस, मंडपेश्वराचे शैव लेणे आहे. तेथे फ्रान्सिस्कनांनी १५४४ च्या सुमारास निष्कलंक मातेच्या नावाने चर्च केले आणि वरच्या टेकडीवर मठ व विद्यालय उभारले. छप्पर गेलेल्या त्या वास्तूच्या भिंती अजून उभ्या आहेत. लेण्यातील मूर्ती भिंत घालून झाकण्यात आल्या, आणि एका बाजूचे शिल्प तासून तेथे मोठा क्रूस कोरण्यात आला. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ साली वसई पडली आणि मंडपेश्वराचे चर्च ओस झाले. आज लेणे पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे, आत शिवपूजा होते, आणि जवळच्याच आपल्या चर्चमध्ये मिस्सा होते. दोन्हीकडच्या घंटा परस्परांना ऐकू जातात.

त्या क्रूसापुढे उभे राहिले की मनात दोन भावना येतात. आपल्या श्रद्धेचा उगम ज्यांच्या श्रमांतून झाला, त्या व्रतस्थांविषयी कृतज्ञता आहे. आणि दुसऱ्याचे देवस्थान तासून आपले उभारावे लागले, याची खंतही आहे. असिसीकर संत फ्रान्सिस पाखरांना भाऊ-बहीण म्हणत असे. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले. त्याच संताचे शिष्य या रानात आले, तेव्हा त्यांना येथे आधीच राहणारा माणूस भाऊ म्हणून दिसला का? हा प्रश्न इतिहासाने आपल्यापुढे ठेवला आहे. तो सोळाव्या शतकापुरता नाही. त्यानंतरच्या प्रत्येक पाहुण्याला तो लागू पडतो.

शहराची तहान

१७७४ साली साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. पुढे मुंबईची लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि शहराच्या विहिरी व तलाव अपुरे पडू लागले. १८५४ च्या टंचाईनंतर अभियंता हेन्री कॉनिबेअर यांच्या आराखड्यानुसार या डोंगरात विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये ते पूर्ण झाले. तेही पुरेना, तेव्हा १८७९ पर्यंत जवळच तुळशी तलाव बांधला गेला.

आजचे जंगल टिकले याचे सर्वांत मोठे कारण हे दोन तलाव होत. तलावांत स्वच्छ पाणी यायचे तर भोवतालचा पाणलोट मोकळा हवा, तेथे नांगर चालता कामा नये, नवी वस्ती होता कामा नये, हे पालिकेचे धोरण ठरले. वृक्षांविषयीच्या प्रेमापोटी हा निर्णय झाला नाही. शहराला तहान लागली होती म्हणून झाला. पण त्यामुळे साष्टीतील इतर टेकड्या बोडक्या झाल्या तरी ही हिरवी राहिली. मात्र तेव्हापासून एक नवी कल्पनाही रुजली: रान राखायचे तर ते माणसांपासून राखायचे. भिक्षूंच्या काळी जे देण्याघेण्याचे नाते होते, त्याच्या जागी आता हद्दीचा दगड आला.

स्वातंत्र्यानंतर कान्हेरीच्या परिसरातील छोट्याशा ‘कृष्णगिरी उपवना’ला लगतची वने टप्प्याटप्प्याने जोडली गेली. ‘बोरिवली नॅशनल पार्क’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले. १९८१ साली संजय गांधींचे नाव देण्यात आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानाला कडक संरक्षण मिळाले. चराई, लाकूडफाटा, शेती या सर्वांवर बंधने आली. वारली, मल्हार कोळी, कोकणा, काथोडी ही मंडळी मात्र तेथेच राहत होती. ती कोठूनही आली नव्हती. नवी होती ती उद्यानाची रेषा. एके सकाळी आपल्या घराचे नाव बदललेले आढळावे आणि सरपणाची मोळी चोरीचा माल ठरावी, अशी त्यांची गत झाली.

निकाल आणि त्यानंतर

दुसरीकडे शहर रानाच्या कडेवर चढत होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कामाच्या शोधात आलेल्या हजारो कुटुंबांनी मालाड, कांदिवली, मुलुंड, ठाणे या बाजूंनी उद्यानाच्या हद्दीत झोपड्या बांधल्या. त्यांत आपले भाविकही होते. १९९५ साली एका पर्यावरणवादी संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि ७ मे १९९७ रोजी न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत नाव असलेल्या कुटुंबांनी सात हजार रुपये भरल्यास त्यांना पर्यायी जागा मिळावयाची होती. ज्याच्या घरी दोन वेळची चूल कशीबशी पेटते, त्याला सात हजार म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे. बुलडोझर आले, घरे पडली. निवारा हक्काच्या चळवळीने दीर्घ लढा दिला आणि अखेरीस सुमारे अकरा हजार कुटुंबांना चांदिवलीत घरे मिळाली. त्या वसाहतीचे नाव संघर्षनगर. नावातच तिचा इतिहास आहे.

या साऱ्या गदारोळात पाड्यांवरील आदिवासी आणि कडेचे झोपडीवासी एकाच शब्दात गोवले गेले: अतिक्रमक. दोघांची व्यथा खरी, पण प्रश्न वेगळे. एकाला शहराने घर दिले नाही म्हणून तो रानात आला. दुसऱ्याच्या घराभोवती शहर आले. वनहक्क कायदा २००६ साली झाला. वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे, असे त्या कायद्याच्या प्रास्ताविकात शासनानेच मान्य केले. राष्ट्रीय उद्यानेही त्याच्या कक्षेत येतात. तरीही पहिल्या याचिकेला तीन दशके उलटून गेली, आणि अनेक पाड्यांना आपण राहणार की उठणार, हे निश्चितपणे ठाऊक नाही. कायदेशीर स्थान अनिश्चित म्हणून पक्के घर नाही. उद्यान म्हणून वीज आणि नळ यांना अडथळे. त्याच रानाच्या पोटातून ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड रस्त्यांचे जोडबोगदे खोदण्याची परवानगी मात्र मिळू शकते.

येथे दुसरी बाजूही प्रांजळपणे मांडली पाहिजे. न्यायालयात जाणाऱ्यांचे भय खोटे नव्हते. हद्द राखली नसती तर कान्हेरीच्या पायथ्यापर्यंत इमारती उभ्या राहिल्या असत्या. दहिसर नदी तुळशीपाशी उगम पावते, मिठी विहारच्या बाजूने निघते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नदीकाठचे शहर बुडाले. ज्या थोड्या भूमीत पाणी अजून मुरते, त्यात हे रान येते. ते राखलेच पाहिजे. प्रश्न राखण्याचा नाही. राखताना कोणाला बाहेर ठेवायचे, याचा आहे.

बिबट्या आणि वाघोबा

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बिबट्याकडे पाहावे लागते. २०१८ च्या गणनेत उद्यान व परिसरात ४७ बिबटे नोंदले गेले. महानगराच्या मध्यभागी इतक्या दाटीने बिबटे असलेले दुसरे ठिकाण जगात सापडणे कठीण. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी बिबट्यांनी अनेक माणसांचा बळी घेतला तेव्हा शहर हादरले. सरसकट पिंजरे लागले. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की पकडून दुसरीकडे सोडलेला बिबट्या बिथरतो आणि संघर्ष वाढतो. कचरा साफ ठेवणे, भटकी कुत्री कमी होणे, अंधारात मुलांना एकटे न पाठविणे हे उपाय पिंजऱ्यापेक्षा परिणामकारक ठरतात. २०११ पासून वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून हे लोकांना समजावण्यास आरंभ केला. बिबट्या मिटलेल्या हद्दीत राहत नाही. २०२४ साली तो खुद्द वसईच्या किल्ल्यात आला आणि काही आठवडे आपल्या लोकांची झोप उडवून पिंजऱ्यात सापडला, हे वाचकांना आठवत असेल.

अभ्यासकांना जे प्रयोगाने कळले, त्याची रीत वारल्यांकडे पूर्वापार आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांत वाघोबाची दीडशेहून अधिक स्थाने अभ्यासकांनी नोंदविली आहेत. कोठे शेंदूर लावलेला दगड, कोठे लाकडावर कोरलेला वाघ, सोबत चंद्र आणि सूर्य. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, त्याची पूजा होते. वाघोबाला त्याचा मान द्यावा आणि त्याने माणसाचे व गुरांचे रक्षण करावे, असा तो करार आहे. गुरे गेली तरी वारली बिबट्याला शत्रू म्हणत नाही. करारात कोठे उणे पडले, हे तो आधी पाहतो. आपली श्रद्धा वेगळी आहे. पण शेजाऱ्याला त्याची जागा देऊन आपण आपल्या जागी राहावे, हे शहाणपण कोणत्याही श्रद्धेच्या माणसाला परके वाटू नये.

दर आठ वर्षांनी या रानात कारवी फुलते आणि डोंगर जांभळा होतो. २०१६ साली ती फुलली, २०२४ साली फुलली. तेव्हा शहरातून गर्दी लोटते. पाड्यावरील स्त्री मात्र कारवीकडे फूल म्हणून पाहत नाही. तिच्या घराची कुडाची भिंत कारवीच्या काठ्यांची असते. पाहुण्याला बहर दिसतो. रहिवाशाला घर दिसते. रान राखण्याला दोन्ही डोळे लागतात.

भिक्षूंनी या डोंगराला पोढ्या दिल्या. शहराने येथे तलाव बांधले आणि पाणी नेले. आपल्या व्रतस्थांनी येथे क्रूस उभारला. शासनाने हद्द आखली. या प्रत्येकाच्या आधी येथे कोणीतरी राहत होते, आणि प्रत्येकाने त्याला कमी-अधिक प्रमाणात न पाहिल्यासारखे केले. धर्मग्रामाची पुढची सहल निघेल तेव्हा एवढे तरी करता येईल: मुलांना लेण्यांबरोबर पोढ्या दाखवाव्यात, आणि पाड्यांची नावे सांगावीत. वाटेवर टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून करवंदे, काकड्या घ्याव्यात, घासाघीस न करता. आणि घेताना तिला मावशी म्हणावे. आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणावा. पाड्यांवरील लोकांच्या वनहक्काचे दावे, त्यांच्या मुलांची शाळा, त्यांचे दाखले, यांसाठी धावपळ करणारे हात धर्मग्रामात आहेत. ते त्यांच्या कामी यावेत.

पाहुण्याने घरात शिरताना यजमानाला हाक मारायची असते, ही आपल्या साष्टी-वसईची जुनी रीत. कान्हेरीच्या रानालाही यजमान आहे. त्याला हाक मारूनच आत जावे.